चाळीस दिवसांचं धान्य

आमची ताई चौथीला गणित शिकवते. नऊ वर्षं झाली, आणि नऊही वर्षं हंगामी. तिला कायम करायचं पत्र हेडसरांच्या टेबलावर धूळ खातंय. सही करायला त्यांना वेळ कुठला? ते पडले लेखक! तीनशे वीरांनी नव्वद दिवस किल्ला लढवल्याची एक ऐतिहासिक कादंबरी त्यांनी मुलांसाठी लिहिली आणि सगळ्या शाळेच्या गळ्यात मारली.

बाकीच्या शिक्षकांनी नाकं मुरडली. ताईनं मात्र ते पुस्तक गणिताच्या तासाला घेतलं. तटाची लांबी, दोरखंड, घोड्यांचा चारा, सगळ्याची उदाहरणं केली. भागाकार म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, ती पोरं किल्ला वाचवायला पाटीवर तुटून पडायला लागली. हेडसर भलतेच खूश. "तपासणीला साहेब येतायत. हाच तास दाखवा, त्याच दिवशी सही करतो," म्हणाले. ताई घरी येऊन मला म्हणाली, "सुटले गं बाई एकदाची!"

साहेब आले. हेडसर शेजारी मिशीत हसत बसले. ताईनं पुस्तकातलेच आकडे घातले: कोठारात एकशेवीस पोती, शंभर माणसांना दिवसाला एक पोतं, तर तीनशे जणांना किती दिवस पुरेल? उत्तर पुढच्या पानांशी जुळतं का, हे तिनं पाहिलंच नव्हतं. तिथेच घोळ झाला.

पहिल्या बाकावरची चिमणी उठली. "रोज तीन पोती. चाळीस दिवस."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. पण ती कुठली खाली बसतेय! "मग बाई, उरलेले पन्नास दिवस सगळे उपाशीच लढले?"

हेडसर लालबुंद. "वीर पोटाचा विचार करत नसतात!"

साहेब ताईकडे वळले. "काय हो बाई, मुलीचं बरोबर आहे?"

खोटं कशाला बोलू, मी असते तर खोकून वेळ मारून नेली असती. ताईनं एकदा हेडसरांकडे पाहिलं, एकदा चिमणीकडे. "बरोबर आहे, साहेब. धान्य चाळीसच दिवसांचं आहे."

साहेब पोट धरधरून हसले आणि गेले. भोगलं ताईनं. सही राहिली ती राहिलीच. दुसऱ्या आवृत्तीत हेडसरांनी गुपचूप दोनशे सत्तर पोती केली, तेवढा वेळ मात्र मिळाला! माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

चिमणी पाचवीत गेल्यावर तिनं ताईला जिन्यात गाठलं. "बाई, माझ्यामुळे तुमची सही राहिली का हो?"

"छे गं! तुझा काय संबंध?"

पोरांना चुकीचं उत्तर ताईनं तेवढं एकदाच दिलं.