भाचीला शिकवायची गाडी

माझ्या मोठ्या मामांइतकी गाडीची पारख अख्ख्या भोकरदन तालुक्यात कुणाला नव्हती, असं निदान त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं, आणि पिंपळगाव रेणुकाईला त्यांच्या घरी राहायचं तर ते आपलंही असावं लागे. मामा गाडी बैलासारखी पारखत. आधी लांबून बघायची, मग भोवती फिरायचं, मग पाठीवर थाप मारून ती दचकते का ते पाहायचं. स्वतःच्या जुन्या मोटारसायकलला ते कुणाला बोट लावू देत नसत. रोज सकाळी बैलांच्या आधी तिची आंघोळ होई. मला भोकरदनजवळच्या शाळेत नोकरी लागली आणि एसटीच्या वेळा काही केल्या जुळेनात, तेव्हा मामांनी जाहीर केलं, "शिकनाऱ्याला भारी गाडी कायला पाह्यजे? ती पडनारच हाय. सस्ती घ्यायची, हलकी घ्यायची." दुसऱ्याच दिवशी जालन्यात नव्याने उघडलेल्या एका दुकानातून ते परदेशी मोटारसायकल घेऊन आले. लाल रंग, चकचकीत आरसे आणि टाकीवर गावात कुणालाच वाचता न येणारं नाव. मामांनी तिचं मागचं चाक एका हाताने उचलून दाखवलं. मामी म्हणाली, "जी एका हातानं उचलती, ती रस्ता काय धरनार?" पण पारखी माणसाच्या घरात बायकोचं कोण ऐकतं!

आमच्याकडे भाची म्हणजे देवाच्या जागी. मामा तिच्या पाया पडतो, आणि त्याने तिच्यावर हात उगारला तर म्हातारपणी त्याचे हात थरथरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे मी कितीही चुकले तरी मामा माझ्यावर आवाज चढवत नसत. रागाने लाल व्हायचे आणि गाडीच्या सीटवर फाडकन चापट मारायचे. "तू बराबर करून राह्यली, माय. हीच आडमुठी हाय." त्या गाडीने माझ्या वाटणीचा इतका मार खाल्ला की मला तिची कीव यायची.

एके दिवशी देवळाकडच्या उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि त्याची दांडीच तुटून माझ्या हातात आली. गाडी कडेच्या तुरीत गेली, मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडले आणि उजवं मनगट मोडलं. मामा अनवाणी पळत आले. माझ्या पायाशी बसून राहिले. पुढच्या आठवड्यात मामा जालन्याला गेले, तर दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान. जुन्या जालन्यातल्या मिस्त्रीने तुटकी दांडी बोटांनी वाकवली आणि म्हणाला, "मामा, ही दांडी न्हाई, डब्याचा पत्रा हाय." एक जण गाडी आहे तशी विकत मागायला आला, त्याला मामांनी दारातूनच परतवलं. "दुसऱ्याची भाची पाडू काय?" गाडी गोठ्यात साखळीने बांधली, ती आजही तिथेच आहे. माझं प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "शिकायचं त चांगल्याच गाडीवर. जो पडनार हाय, त्यालाच चांगला ब्रेक लागतो." त्यानंतर मामा एसटीने हिंडू लागले.

आता मामांचे हात थरथरतात. चहाची बशी ओठांपर्यंत जाताना निम्मी सांडते. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. हॉटेलातली मंडळी थट्टा करतात, "मामा, भाचीला मारलं होतं काय?" पूर्वी अशा थट्टेला त्यांनी दहा उत्तरं फेकली असती, आता खाली बघून म्हणतात, "मारलंच म्हना." मामांनी मला आयुष्यात टिचकी मारली नाही. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं, पण त्यांना पटत नाही, आणि ते पटत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

औषधासाठी मी त्यांना भोकरदनला नेते, त्यांच्याच जुन्या गाडीवर, मागे बसवून. खांद्यावरचा त्यांचा हात वाटभर थरथरत असतो. देवळाचा उतार आला की विचारतात, "ब्रेक बराबर हाय ना, माय?"

"बराबर हाय, मामा."

तरीही ते माझा खांदा गच्च धरतात. तेवढ्या उतारापुरता त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. म्हणून तो उतार मी फार सावकाश उतरते.