ताटात उरलेला विडा

पेशवाईच्या काळात कसब्यातल्या तांबट आळीत गेनबा राहायचा. हंडे घडवायचा, कमी बोलायचा आणि बोललाच तर समोरच्याचं तोंड कडू करायचा. अशी माणसं कुणाला आवडत नाहीत. मला फार आवडतात.

आळीची एक सामाईक कढई होती. लग्नकार्य निघालं की ती त्या घरी जायची, एरवी देवळात असायची. एकदा ती देवळातून नाहीशी झाली आणि आळीचे म्होरके सर्जेराव म्हणाले, "आळीतल्याच संपतनं वितळवली असंल." संध्याकाळपर्यंत त्यातलं 'असंल' गळून पडलं.

बैठक बसली. संपतला वाळीत टाकायचं, म्हणजे त्याच्या लेकीचं, मैनेचं, ठरलेलं लग्नही मोडणार. संपत सोडून सगळ्यांपुढून विड्यांचं ताट फिरलं. निर्णय मान्य असणाऱ्यानं विडा उचलून तोंडात टाकायचा, एक जरी ताटात उरला तर निर्णय बाद, अशी रीत. आजवर एकही उरला नव्हता, कारण जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघून हात पुढे करायचा. भैरूनं श्रीधरकडे पाहिलं, श्रीधरनं भैरूकडे, आणि दोघांनीही उचलला.

ताट गेनबापुढे आलं. त्याचा हात मांडीवरून हलला नाही.

"उचल की," सर्जेराव म्हणाले.

"संपतला कढई नेताना पाह्यलं कुणी?"

"सगळी आळी म्हणतीय!"

"आळीला तोंडं लई हायेत. डोळ्यांनी कुणी पाह्यलं, ते सांगा."

"तुलाबी वाळीत टाकू!"

"टाका. त्यालाबी ताट फिरवावं लागंल. माझा विडा उरला, म्हंजी तवा संपत जातीतच असंल, हितंच बसलेला. त्यो उचलंल व्हय विडा?"

विडा ताटात उरला, निर्णय बाद झाला, बैठक मोडली. पण गेनबाशी कुणी बोलेना. जन्माचा सोबती भैरूसुद्धा समोरून येताना वाट बदलायचा. गेनबाला ते फार लागलं. तरी 'चुकलं' म्हणायला तो कुणाच्या दारात गेला नाही.

कढई काही सापडली नाही. मैनेचं लग्न मागून आणलेल्या भांड्यांत झालं. मांडवात भैरू गेनबाजवळ सरकला आणि कुजबुजला, "खरं सांगू? माझ्याबी मनात तेच होतं." मागून श्रीधर म्हणाला, "माझ्याबी."

गेनबा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलला, "मग तवा बोलायला काय झालं हुतं? तोंडात पान हुतं व्हय?"

तेवढ्यात संपत विड्यांचं ताट घेऊन आला. गेनबानं विडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चघळत बसला.