कावेरीत वाहून गेलेला फिल्टर आणि माझे जोडलेले हात

चार वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, मी सासरच्या त्रेसष्ट माणसांचं तोंड एका बोटाने बंद केलं.

तेव्हा मी तरुण होते. अवघी सहासष्ट वर्षांची! दात बरेचसे जाग्यावर होते आणि अक्कल अजून यायची होती.

आमचं घर कुंभकोणमचं, मराठी. पूर्वज कधीतरी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले, इथला भात पोटभर जेवले आणि सुस्तावून परत जायचंच विसरले. त्यांच्या सगळ्या वंशजांचा फोनवर एक ग्रुप होता. नाव ‘अस्के’. अस्के म्हणजे सगळे. आमच्या मराठीत असंच म्हणतात. (पुण्याहून आलेली माणसं हे ऐकून हसतात. हसू देत.) पहाटे साडेचारला पहिला गुलाब पडायचा. मग उगवता सूर्य, मग गणपती, मग कुणाच्या तरी नातवाचा दात. मराठीच, पण कुणी तमिळ अक्षरांत लिहिलेलं, कुणी इंग्रजी. एक संदेश वाचायला दोन चष्मे लागायचे.

सकाळी चालायचं एक वेळ. पण दुपार?

दुपारी दीडला जेवून मी झोपाळ्यावर आडवी होते. पितळी साखळ्या हळूहळू करकरतात, कालव्यावरून वारा येतो, गल्लीच्या टोकाला भांडी ठोकणाऱ्यांची ठकठक लांबून, जणू दुसऱ्या कुठल्या तरी गावातून आल्यासारखी ऐकू येते. त्या तासाला मी अर्धी इथे असते. उरलेली अर्धी कुठे असते ते मलाही सांगता यायचं नाही. आणि नेमका तेव्हा उशीखाली फोन गुरगुरायचा. नातवाचा दुसरा दात!

‘मी या ग्रुपातून बाहेर पडते,’ मी शेजारच्या पट्टम्मा मामींना सांगितलं.

‘ऐयो, वेड लागलं का?’ मामी तमिळमधून किंचाळल्या. ‘तुम्ही बाहेर पडलात की सगळ्यांना दिसतं! मग फोन सुरू. काय झालं, कोण काय बोललं, कुणाचं चुकलं! म्यूट करा, म्यूट! ते बोलत राहतात, तुम्हाला ऐकू येत नाही, आणि त्यांना पत्ताही लागत नाही.’

‘पाप नाही ना लागत?’

‘मी बत्तीस वर्षं सासूबरोबर काढली. तेव्हा हे बटण असतं तर आज माझे केस काळे असते!’

दाबलं बटण. कायमचं. काय शांतता पसरली म्हणून सांगू! भांड्यांची ठकठकसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखी वाटायला लागली.

पण मन खायला लागलं. मोठी माणसं बोलताहेत आणि आपण उत्तर देत नाही, हे काही बरं नव्हे. त्यावर उपाय मला आमच्या गावानेच शिकवला. कुंभकोणमात दहा पावलांवर एक देऊळ. प्रत्येकात शिरायचं ठरवलं तर भाजी घेऊन घरी पोचायला दिवस मावळेल. म्हणून आम्ही चालता चालताच गोपुराकडे वळून गालांवर दोन चापट्या मारतो, हात जोडतो आणि पुढे जातो. आत कुठला देव आहे हे बघतही नाही. पोचतं त्याला!

मी ग्रुपलाही तेच लावलं. दिवसातून तीन-चार वेळा उघडायचा, काही न वाचता शेवटच्या ओळीखाली जोडलेले हात टाकायचे आणि मिटायचा. माझ्यासारखी भाविक सून त्या ग्रुपात दुसरी नव्हती!

आता या सगळ्यात एक मेख होती, आणि ती पितळेची होती.

आमच्या सासूबाईंचा कॉफीचा फिल्टर. इथल्याच पितळेचा, दुमजली. वरच्या भोकाभोकांच्या मजल्यात पूड आणि उकळतं पाणी घालायचं, खालच्या मजल्यात थेंब थेंब कॉफी उतरते. तो सासूबाईंनी माझ्या नणंदेला, चंद्राक्कांना द्यायचा कबूल केला होता. चंद्राक्का इथून जवळच, तिरुविसनल्लूरला दिलेल्या. मी तेव्हा बावीस वर्षांची नवी सून. त्या फिल्टरची पहिली कॉफी प्यायले आणि माझी मती फिरली. चंद्राक्का फिल्टर न्यायला आल्या त्या दिवशी मी तो भाताच्या कोठीत पुरला आणि रडवेल्या तोंडाने सांगितलं, ‘अक्का, घासायला नदीवर नेला हो, कावेरीत वाहून गेला!’

वर लाटा केवढ्या होत्या, मी कशी कमरेइतक्या पाण्यात धावले, तेही सांगितलं. चंद्राक्का शांतपणे मान हलवत राहिल्या. फार गुणी बाई! सासरच्या त्या एवढ्या गोतावळ्यात माझं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकणारी हीच एक. मी काहीही सांगावं, त्यांनी मान हलवावी.

तेव्हापासून फिल्टर माझ्याकडे. चंद्राक्का यायच्या झाल्या की आधी कळायचं. पूर्वी पत्राने, पुढे फोनने, अलीकडे ग्रुपवर. कळलं की फिल्टर कोठीत आणि स्टीलचा ओट्यावर. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही चूक नाही!

आणि तो ग्रुपच मी म्यूट करून बसले होते. (शहाणी!)

एका रविवारी दुपारी मी अशीच झोपाळ्यावर होते. डोळे उघडले तर दारात ऊन, आणि त्या उन्हात माणसं. पुष्कळ माणसं! रेशमी साड्या, कपाळाला विभूती, मागे काहीतरी पांढरं, मोठं, धूसर. सगळ्यांच्या पुढे चंद्राक्का, हातात केळीची फणी. साखळ्या करकरत होत्या. काय सुंदर स्वप्न पडलंय, मी म्हटलं.

‘रुक्मा, निजलीस काय गे?’ स्वप्नातल्या चंद्राक्कांनी विचारलं.

स्वप्नात अशी माणसं येतात ती बहुतेक वर गेलेली. मला भरून आलं. ‘अक्का, तुम्ही कधी गेलात? मला कुणी कळवलंसुद्धा नाही!’

‘कळवलं की, मामी!’ त्यांचा मुलगा माधव म्हणाला. ‘ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही हात जोडलेत!’

‘बरं झालं आलात,’ मी चंद्राक्कांचा हात धरला. हात थोडा गरम लागला, पण स्वप्नात कोण बारकावे बघतं! ‘आता सांगून टाकते. तुमचा फिल्टर कावेरीने नेला नाही. मी नेला! भाताच्या कोठीत पुरला होता. रोज त्यातच कॉफी पिते. आत्ताही ओट्यावर आहे. आणि तुमचे रव्याचे लाडू दगडासारखे होतात, मी ते पट्टम्मा मामींच्या गाईला घालते.’

कुणीतरी खुसकन हसलं. माधव ‘काय? काय?’ करत पुढे सरकला आणि त्याचा नव्वद किलोंचा पाय माझ्या पायावर पडला.

स्वप्नात पाय दुखत नाही. माझा दुखला!

मागचं पांढरं धूसर व्हॅन निघाली. आमचे हे तेवढ्यात आतून लुंगी सावरत आले. (यांनी जन्मभर आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरी केली, एकेका दाण्याची जात सांगतील, पण फोन अजून बटणांचाच.)

‘अरे वा, अस्के आले! रुक्मा, तू बोलली नाहीस?’

मी चष्मा लावून फोन उघडला. चार दिवसांचं सगळं समोर.

‘रविवारी तिरुनीलक्कुडीला दर्शन. मग जेवण रुक्मामामींकडे चालेल ना?’ खाली माझे जोडलेले हात. ‘एकोणीस माणसं आहोत.’ जोडलेले हात. ‘आई म्हणते, डांगर पच्चडी तुमच्याच हातची हवी.’ जोडलेले हात. ‘फार त्रास नाही ना होणार?’ जोडलेले हात! आणि त्याच्या आधी कुणीतरी विचारलं होतं, ‘माझी दातांची कवळी कुणाच्या पिशवीत गेली आहे का?’ तिलाही माझा भक्तिभावाने नमस्कार.

घरात होता दोन माणसांचा उरलेला दहीभात.

पुढचा तास मला धुक्यातल्यासारखा आठवतो. पट्टम्मा मामी कुंपणावरून नारळ फेकताहेत. हे तांदूळ मोजता मोजता त्याची जात समजावून सांगताहेत. कुणी पानं पुसतंय, कुणी पच्चडीसाठी उडदाचं पीठ दह्यात कालवतंय, माधव ‘मामी, मीठ कुठे?’ म्हणत साखरेत हात घालतोय. माझं लक्ष एकीकडेच. चंद्राक्का स्वयंपाकघरात गेल्या होत्या, आणि ओट्यावर, उन्हाच्या तिरिपेत, सोन्यासारखा चमकत तो उभा होता. खाली थेंब पडत होते. टप. टप.

चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं, ती आज उठून जाणार. परत या घरात येणार नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

चंद्राक्कांनी फिल्टरवरून बोट फिरवलं. ‘आईचा,’ म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, ‘कॉफी कर गे. दूध जास्ती नको.’

कॉफी दिली. त्यांनी पेल्यातून खालच्या खोलगट डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात सावकाश ओतली, एक घोट घेतला, डोळे मिटले. मला राहवेना.

‘अक्का, रागावलात?’

‘कसाला? मला तेव्हाच ठाऊक होतं.’

‘तेव्हाच? कसं?’

‘वैशाख होता तो. वैशाखात कावेरीला पाणी कुठलं गे? पोरं नदीत क्रिकेट खेळत होती. आणि तू सांगत होतीस, लाटा!’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोलणार कधी? तू थांबतेस कुठे! एक तास लाटाच चालल्या होत्या. त्या दिवशीच मी ठरवलं, ही बोलत राहू दे, आपण मान हलवावी. फोन आत्ता आले. तुला मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच म्यूट केलंय.’

मागे पट्टम्मा मामी एवढ्या हसल्या की नारळ हातातून सुटला.

जाताना चंद्राक्कांनी फिल्टर धुतला, पुसला, त्याचे दोन मजले वेगळे केले. वरचा पदरात गुंडाळला, खालचा माझ्या हातात ठेवला. ‘आता कॉफी प्यायची तर दोघींनी भेटायचं.’

तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या वरचा मजला घेऊन येतात. कॉफी उतरेपर्यंत आम्ही झोपाळ्यावर बसतो. वारा येतो, ठकठक लांबून ऐकू येते, थेंब पडत राहतात. मी बोलते. त्या डोळे मिटून मान हलवतात.

परवा मी त्यांना तासभर समजावून सांगितलं की त्या वयात माझी काय अवस्था होती, मी मुळात कशी वाईट नाही, आणि त्या वैशाखात थोडंसं तरी पाणी होतंच. मग विचारलं, ‘अक्का, आता तरी ऐकताय ना माझं?’

चंद्राक्कांनी डोळे न उघडता दोन्ही हात जोडले.