तिसरा कप

लेकाकडे आदिस अबाबाला महिनाभर राहिले आणि खरं सांगते, शेजारच्या हिरूतवर जळतच परत आले. आठवडाभर बँकेत कॉम्प्युटरसमोर बसणारी ही बाई रविवारी पांढरा सुती झगा घालते, जमिनीवर हिरवं गवत पसरते, कॉफीचे दाणे भाजते आणि तो सुगंधी धूर एकेकाच्या नाकाशी नेते. कॉफी तीनदा होते. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आमची सून पल्लवी तिथे मोबाईल पर्समध्ये टाकून, लाह्या खात, तासन्‌तास खिदळत बसायची. घरी मी केलेला चहा मात्र उभ्या उभ्या प्यायची, आणि दुसऱ्या हातात मोबाईल!

एका रविवारी मी पहिल्या कपानंतर उठलेच. म्हटलं, "गुडघे दुखतात गं."

हिरूत काहीतरी बोलली. पल्लवी हसली. "आई, ती म्हणते, सगळ्यांत मोठ्या तुम्ही. तुम्ही निघालात तर आशीर्वाद कोण देणार?"

मी परत बसले. तिसऱ्या कपाला दोघींच्या डोक्यावर हात ठेवून मराठीतच पुटपुटले.

आज रविवार. माझा चहा पिऊन झाला. तिकडे आता तिसरा कप भरला असेल, आणि माझ्या जागेवर दुसरीच कुणी म्हातारी बसली असेल मेली!