दाराखालून परत आलेलं कार्ड

प्लेगच्या त्या वर्षी प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडचं तापीकाठचं एक गाव रिकामं झालं. माणसं शेतांत झोपड्या घालून राहत होती. घरांवरची कौलं काढून ठेवलेली, त्यामुळे दुपारचं ऊन सरळ चुलीपर्यंत पडे. कुत्रीसुद्धा झोपड्यांकडे गेली होती. तिथलं टपाल माझ्याकडे होतं. नोकरी कच्ची होती.

पोस्टमास्तरांचा हुकूम असा, की टपाल पत्त्यावरच्या घरात टाकायचं. झोपड्यांकडे गेलो तर डाकघरात पाय ठेवायचा नाही. मी होय म्हणालो. मी सगळ्यालाच होय म्हणत असे. त्यांच्या घरचं दळणही मीच आणत होतो.

एका शुक्रवारी एका म्हातारीच्या नावाचं कार्ड आलं. उघडं असल्यामुळे वाचता आलं. सुरतेच्या गिरणीतल्या मुलानं लिहिलं होतं: मंगळवारी येतो, बाबांना सांग. बाबा पत्त्यावरच्या त्याच घरात प्लेगनं गेले होते. मुलाला ते माहीत नव्हतं. आला की आधी तो तेच दार उघडणार होता.

दाराला बाहेरून कडी होती, वर गेरूची फुली. मी कार्ड खालच्या फटीतून आत सरकवलं. दहा पावलांवर कागद घासल्याचा आवाज आला. कार्ड बाहेर पडलं होतं, पत्त्याची बाजू वर. वारा नव्हता. पुन्हा सरकवलं आणि तिथेच उभा राहिलो. आधी एक कोपरा दिसला, मग सबंध कार्ड, सावकाश. आत उंदीर असावा, असं मी धरून चाललो. पण गावातले उंदीर माणसांच्या आधी मेले होते.

परतताना म्हातारीनं बांधावरून विचारलं, "भाऊ, मन्हा पोऱ्याना कागद उना का?"

कार्ड पिशवीत होतं. "नही उना, माय," मी म्हणालो.

मी सांगितलेलं ऐकून पोस्टमास्तर हसले. "भुतानं परत केलं? मग त्याची सही का नाही घेतलीत? सोमवारी पुन्हा टाका."

सोमवारी कार्ड हातात घेऊन मी त्यांच्या मेजासमोर उभा राहिलो. "त्या घरात टाकणार नाही. म्हातारीच्या हातात देणार."

"मग इथं परत यायचं नाही."

"तसा हुकूम लेखी द्या. उद्या मुलगा ते दार उघडेल, हेही त्यात लिहा."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. थोडा वेळ तसाच धरला, मग पुसून ठेवला. "येताना पिशवी बाहेरच ठेवा," ते मान वर न करता म्हणाले.

म्हातारीला मी कार्ड दोनदा वाचून दाखवलं. तिनं ते उलटंपालटं केलं. "याले माटी कशी लागनी?"

शुक्रवारी खोटं बोललो तेही सांगितलं, आणि दारापाशी जे पाहिलं तेही. ती घाबरली नाही. कार्डाची माती पदरानं पुसत नवऱ्याबद्दल म्हणाली, "त्यासले वाचता ये नही. म्हनीसन परत दिन्हा व्हई."

मंगळवारी ती सकाळपासून वेशीबाहेर रस्त्यात बसून होती. मुलगा दुपारी आला. तिनं त्याचा हात धरला तो झोपडीपर्यंत सोडला नाही.