डाव्या हातानं जिंकलेला खेळ

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बाबा, स्ट्रोक आहे." स्ट्रोक म्हणजे मेंदूतली नस बंद पडते. आपण त्याले लकवा म्हणतो. माझा उजवा हात गेला. तोंडातून लाळ गळे अन् बायको पदरानं पुसे. मले माझीच किळस आली.

हा हात म्हणजे चाड्यावरचा हात. पेरणीच्या तिफणीवर लाकडी वाटीसारखं चाडं असते, त्यात मुठीनं बी सोडायचं, दाणा कमी नाही, जास्त नाही. गावात माझ्यासारखी मूठ कोणाची नव्हती. पेरणीले दोन महिने राह्यले होते.

मग फिजिओथेरपी लागली, म्हणजे हातापायाची कसरत. मले वाटलं, वजन उचलायले देतील. तिथल्या मॅडमनं टीव्हीवर लेकराईचा खेळ लावला! त्या खेळाच्या यंत्राले दोन बाजूनं दोन तुकडे, एक लाल, एक निळा. तिनं लाल तुकडा काढून माझ्या हातात दिला. वायर नाही, काही नाही. "बाबा, याला कंट्रोलर म्हणतात. तुम्ही हात फिरवला की पडद्यावरचा माणूस चेंडू फेकतो."

किती जणाईच्या घामानं चिकट झालेलं ते! मधेच थरथरे, जसा मुठीत बेडूक. शी!

चेंडू काही जाये ना. बाकावरचे पेशंट हसत. मग मॅडम दुसऱ्याकडं वळली की मी तुकडा डाव्या हातात घेई. यंत्राले काय समजते! टीव्हीत टाळ्या पडत. मॅडम खूश. "वा बाबा, उजवा हात सुधारला! आणखी दोन दिवस या, बस."

बायको बाजूलेच बसे. सारं पाहे. त्या संध्याकाळी तिनं धान्य पाखडायचं सूप ज्वारीनं भरून पुढं सरकवलं. "घ्या, मूठ भरा."

बोटं दाण्यावर मेल्यासारखी पडून राह्यली.

"त्या पोरीले फसवलं तुमी. हाताले कसं फसवान?"

"गप बस."

"काऊन गप बसू? पेरणीले चाड्यावर मी उभी राहू का?"

लकवा झालेल्यानं माझं ऐकावं. ते खेळणं मले आजही घाण वाटते. पण लोक हसतात म्हणून चांगला हात पुढं करू नका. हसू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर सारे बसले असताना मी मॅडमले खरं सांगितलं. मग डावा हात बायकोपुढं केला अन् म्हणालो, "खुर्चीले बांध. घट्ट."