पडद्याची माया

टाचण्या ओठांत धरूनच ती बोलते. फोन उचलला की आधी विचारते, "कोण गेलं?" गळ्यात टेप असतो आणि तोच ती घरभर शोधते. कुणाकडे गेली तर सोफ्याची शिवण अंगठ्याने दाबून बघते. "बघू" म्हणाली की समजायचं, नाही.

गल्लीत तिला सीटवाली म्हणतात, मी मावशी म्हणते. जन्मभर तिने गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. काका गेले, त्यांची जुनी मिनीबस मागे राहिली. मावशीने सीट उपटून काढल्या, पलंग आणि छोटा ओटा बसवला आणि गाडी चालवायला शिकली. आता तिला त्या गाडीत राहायचं होतं. एकटीने.

मुलाने तिला समोरची काच दाखवली.

"शोकेसमध्ये झोपणार आहेस का, आई? येणारा-जाणारा बघत राहील. विकून टाक."

"काच झाकली तर?"

"तर जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि रविवारपर्यंत नाही झाकली, तर आण तुझं गिऱ्हाईक."

मी म्हटलं, मावशी, चादर बांधू. ती म्हणाली, "चादरी पुष्कळ वाळत घातल्या. मला बटणावर खाली येणारा पडदा हवा."

काच मधल्या दांडीने दुभागलेली, म्हणून पडदे दोन. मापं तिनेच दुकानात कळवली. पडदे आले. मी स्टुलावर चढून पडदा गुंडाळलेली नळी धरली, तिने ड्रिल चालवलं. मोटर त्या नळीतच होती. माहितीपत्रक वाचायचं काम माझ्याकडे.

"साहित्य शिकलीस ना? मग वाच."

"यात साहित्य नाही, मावशी. नुसत्या तारा आहेत."

"म्हणजे कळण्यासारखं असेल."

तारा फ्यूजपर्यंत नेल्या. बटण दाबलं. उजवा पडदा वीतभर खाली आला, कडेच्या पट्टीत अडकला. मोटर कण्हली आणि गप्प झाली. डाव्याचीही तीच गत.

मावशीने टेप लावला. मग हसतच सुटली. शिवणीत दुमडायला शिंपी जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मापं कळवताना तिने सवयीने माया धरली होती. या पडद्यांना शिवणच नव्हती.

नेमका तेव्हा मुलगा आला. लोंबणारे पडदे त्याने पाहिले.

"मी मायेपोटीच सांगत होतो, आई."

"मायेनेच अडकलंय," ती म्हणाली. "दोन बोटं जास्त झाली. कापावी लागेल."

तो तसाच निघाला. जाताना दार जोरात लावलं.

तिने पडदे उतरवले. खडूने रेघा मारल्या. कापलेली कड उसवू नये म्हणून तिच्यावर टीप मारायची होती, पण जाड कापड मशीनच्या सुईला दाद देईना. सुया मोडल्या, तिने नव्या लावल्या. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात यायला सांगू. ती टाचण्यांमधून म्हणाली, "बघू."

रविवारी मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन आला. उजवा पडदा जागेवर होता. डावी काच उघडी होती.

"अर्धीच झाली," मुलगा म्हणाला.

मावशीने बटण दाबलं. पडदा सरसर खाली आला, थेट तळाला टेकला. तिने तो पुन्हा वर घेतला.

"मी एकटी आहे. मला अर्धी पुरते."

"आणि उरलेली?"

"तिच्यातून मी बाहेर बघणार."

गिऱ्हाईक हसलं. मुलगा हसला नाही, पण बोललाही नाही. शब्द दिला होता. तिने गाडी सुरू केली. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल, राग उतरला की वळवेल. कोपऱ्यावर तिने वळणाचा दिवा दिला आणि ती गेली.

मला अजून ते खरं वाटत नाही. किल्ली माझ्याकडे देऊन गेली आहे, म्हणून मी तिच्या खोलीत जाते. डावा पडदा मशीनवर तसाच आहे. खडूची रेघ वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसते. कात्री मध्यापर्यंत आली आहे. पुढचं कापायचं राहिलं आहे.